धुवायचा एअर फिल्टर: पैसे कधी वाचतात आणि धंदा कसा होतो?



भोर आणि वेल्हे भागातून मला सारखे दोन प्रश्न येतात. पहिला, "सर, गाडीला धुता येणारा एअर फिल्टर टाकला तर खर्च वाचेल का?" दुसरा त्याच्या पुढचा, "वॉशिंग सेंटर टाकतोय, सोबत फिल्टर धुवून द्यायचं काम सुरू करू का?" व्हिडिओत हात चालतो, पण हिशोब मांडायला वेळ पुरत नाही. म्हणून इथे दोन्ही प्रश्न नीट सोडवू. फिल्टर धुवायचा कसा ते आधी बघू, कारण जे काम आपल्याला स्वतःला बिनचूक येत नाही त्याचे पैसे लोकांकडून घ्यायचे नसतात.

आपल्या भागात हा विषय मोठा का आहे?

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण ९,००० लिटर हवा लागते. वजनात सांगायचं तर एक किलो पेट्रोलमागे जवळपास पावणेपंधरा किलो हवा. तुमची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा. १०,००० किलोमीटरमध्ये ती साठ लाख लिटर हवा आत ओढते. पाण्याच्या दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मोजली तर सहाशे टँकर. ही सगळी हवा त्या एका फिल्टरमधून गाळून जाते.

आता ही हवा कुठली ते बघा. नसरापूरहून विंझर, मार्गासनी करत वेल्ह्याला जाताना, किंवा कापूरहोळहून भोरला जाताना उन्हाळ्यात एखाद्या खडीच्या डंपरमागे लागून बघा. समोरची काच पांढरी होते. दिवाळीनंतर पहिला पाऊस पडेपर्यंत आतल्या वाड्या-वस्त्यांच्या कच्च्या रस्त्यांवर हीच गत. आपला दगड काळा पाषाण, त्याची भुकटी कठीण. ती सिलिंडरमध्ये गेली की तेलात मिसळते आणि पिस्टनच्या रिंगा हळूहळू घासते. एका दिवसात काही कळत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, धूर सोडते आणि मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल."

पावसाळ्यात चित्र उलटं. केळदकडे, मढे घाटाकडे पाऊस असा लागतो की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. तिथे धुतलेला फिल्टर कसा वाळणार? हा प्रश्न आत्ता साधा वाटेल, पण पुढे धंद्याच्या हिशोबात हाच सगळ्यात मोठा ठरणार आहे.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. गाडी पेंढ्याच्या गंजीशेजारी किंवा भाताच्या कणगीजवळ लावली की उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. डबा उघडल्यावर आत भाताचं तूस, कुरतडलेला कागद आणि लेंड्या निघतात. फिल्टर कंपनीच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, पण खेड्यात काम करणाऱ्याला ते माहीत हवं.

आधी ओळखा: कुठला फिल्टर धुवायचा, कुठला नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रत्येक फिल्टर धुवायचा नसतो.

१. कागदी फिल्टर. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत हाच असतो. हा धुवायचा नाही. पाणी लागलं की कागदाची छिद्रं बदलतात आणि चुण्या एकमेकींना चिकटतात. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली तर डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वरवरची माती झटकायची असेल तर हलक्या हाताने आपटा, आणि वेळ झाली की सरळ बदला.

२. कापडी फिल्टर. जाळीच्या दोन थरांमध्ये सुती कापडाचे पदर असतात आणि त्यांना खास तेल लावलेलं असतं. बहुतेकदा तेलाचा रंग लाल असतो. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या के अँड एन कंपनीमुळे हा प्रकार जगभर गाजला. हाच खरा "धुता येणारा" फिल्टर. यात कापड धुळीला अडवतं आणि तेल तिला धरून ठेवतं. तेल नसेल तर हा फिल्टर अर्धा आंधळा समजा.

३. कोरडा सिंथेटिक फिल्टर. हाही धुता येतो, पण याला तेल लावायचं नाही. दिसायला कापडीसारखाच असतो, त्यामुळे लोक फसतात. पाकिटावर किंवा कडेवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तेलाच्या बाटलीला हात लावू नका.

४. स्पंजचा फिल्टर. काही मोटरसायकलींना, विशेषतः जुन्या गाड्यांना असतो. धुवायचा, वाळवायचा आणि तेलात भिजवून दाबून काढायचा.

५. स्कूटरचा चिकट कागदी फिल्टर. कागदच, पण कारखान्यातून तेल लावून येतो. हात लावला की चिकट लागतो, म्हणून लोकांना वाटतं "हा धुवायचा असेल." नाही! हा फक्त बदलायचा.

६. ट्रॅक्टरचा ऑइल बाथ. धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर ही काही शहरातून आलेली फॅशन नाही. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला तो पहिल्यापासून आहे. खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. हवा तेलावर आपटते, माती तेलात बसते.

एखादा फिल्टर ओळखता आला नाही तर गाडीच्या पुस्तकात बघा. तिथेही सापडला नाही तर तो कागदी समजा. धुऊन वाया घालवण्यापेक्षा न धुतलेला बरा.

कधी धुवायचा?

कापडी फिल्टरच्या कंपन्या मोठमोठे आकडे सांगतात. डांबरी हायवेवर चालणाऱ्या गाडीला ८० हजार किलोमीटरपर्यंत धुवायची गरज नाही, असंही सांगितलं जातं. पण तो आकडा आपल्या रस्त्यांसाठी नाही. आपला नियम साधा: डोळ्यांनी बघा. फिल्टर हातात धरल्यावर वरची तारेची जाळी सगळीकडे स्पष्ट दिसत असेल तर अजून वेळ आहे. धुळीच्या थरात जाळी दिसेनाशी झाली की धुवा. धुळीच्या दिवसांत दर पाच हजार किलोमीटरला डबा उघडून नुसतं बघायची सवय ठेवा.

आणि उलट चूकही करू नका. काही हौशी लोक दर महिन्याला फिल्टर धुतात. दर वेळी डबा उघडताना थोडी माती आत सांडायची शक्यता असते. शिवाय थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्या धुतलेल्या फिल्टरपेक्षा बारीक कण चांगले अडवतो, कारण बसलेली धूळच गाळणीचं काम करायला लागते. म्हणजे जास्त धुणं हा काही फायद्याचा सौदा नाही.

धुण्याची पद्धत: आठ पायऱ्या

पायरी १: इंजिन बंद, गार होऊ द्या. डबा उघडण्याआधी त्याच्या झाकणावरची आणि आजूबाजूची माती ओल्या फडक्याने पुसा. फिल्टर बाहेर काढला की इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड स्वच्छ फडक्याने बंद करा. तिथे पडलेला एक खडाही महागात जातो. बसवायच्या वेळी फडकं काढायचं विसरू नका. हसू नका, हे होतं!

पायरी २: फिल्टरची घाण बाजू आणि स्वच्छ बाजू ओळखा. बाहेरची हवा जिकडून येते ती घाण बाजू, इंजिनाकडची ती स्वच्छ बाजू. सैल माती हलक्या हाताने झटका. ब्रश वापरायचाच असेल तर मऊ, आणि चुणीच्या दिशेने.

पायरी ३: क्लीनर मारा. फिल्टरचा खास क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारा आणि दहा मिनिटं थांबा. क्लीनर वाळू द्यायचा नाही, म्हणून हे काम उन्हात करू नका. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, कॉस्टिक सोडा, इंजिन धुवायचं केमिकल यांतलं काहीही नको. त्याने कापड, रबर आणि चिकटवलेले जोड खराब होतात. पेट्रोलने आग लागायचा धोका वेगळाच.

पायरी ४: पाणी स्वच्छ बाजूने सोडा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पाणी स्वच्छ बाजूने सोडून घाण बाजूने बाहेर काढायचं. माती ज्या वाटेने आत शिरली त्याच वाटेने तिला परत पाठवायचं. उलटं केलंत तर माती कापडात आणखी खोल जाते. पाणी गार आणि कमी दाबाचं हवं, बागेच्या नळीसारखं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मारलात तर फिल्टर गेलाच म्हणा.

पायरी ५: बघा, लागलं तर पुन्हा करा. खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. मग फिल्टर उजेडात धरा. एखाद्या जागी उजेडाचा ठिपका सरळ आरपार दिसला तर तिथे भोक आहे. रबराची कड तडकली असेल, जाळी तुटली असेल तरी तो फिल्टर बाद. डागडुजी करू नका, एम-सील लावू नका.

पायरी ६: वाळवा. पाणी झटकून सावलीत, वारा लागेल असा उभा ठेवा. हेअर ड्रायर नको, कॉम्प्रेसर नको, चुलीजवळ नको. उन्हाळ्यात काही तासांत वाळतो, थंडीत रात्रभर ठेवा. पावसाळ्यात वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात दोन दिवसही लागतील. ओल्या कापडाला तेल धरत नाही, आणि ओला फिल्टर गाडीत बसवायचा नाही.

पायरी ७: तेल, पण बेताने. फक्त फिल्टरचं तेल वापरा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काही चालत नाही. प्रत्येक चुणीवरून एकदाच बारीक धार फिरवा. वीस मिनिटं थांबा. तेल आपोआप कापडात पसरतं. मग जिथे पांढरे पट्टे राहिले असतील तिथेच थोडं लावा. सगळीकडे एकसारखा रंग आला की काम झालं. तेल टपकत असेल तर जास्त झालंय.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा मी हा फिल्टर धुतला तेव्हा "जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षा" असं समजून बाटली जवळजवळ रिकामी केली. वीस मिनिटं थांबलोही नाही, लगेच गाडीत बसवला. दुसऱ्या दिवशी भोरहून वरंध घाटाने महाडला निघालो. घाटात चढावर गाडी हिसके द्यायला लागली, इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मागे एसटी, पुढे वळण. काय झालं होतं? फिल्टरमधलं जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं होतं. त्या सेन्सरमध्ये केसासारखी बारीक तापलेली तार असते. तिच्यावर तेल बसलं की ती हवा चुकीची मोजते आणि इंजिनाला इंधन चुकीचं मिळतं. सेन्सर साफ करून भागलं नाही, नवा घ्यावा लागला. त्या पैशांत कागदी फिल्टर कितीतरी वर्षं पुरले असते. चूक ना फिल्टरची होती ना गॅरेजची, चूक माझ्या घाईची. त्या दिवसापासून मी फोनवर वीस मिनिटांचा गजर लावतो.

पायरी ८: बसवा आणि खात्री करा. डबा आतून पुसून घ्या, रबराची कड खाचेत सगळीकडे बसली का ते बोटाने फिरवून बघा, सगळ्या क्लिपा लावा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर डबा पुन्हा उघडा आणि फिल्टरच्या पुढच्या पाइपच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर तुमचं काम पक्कं. मातकट निघालं तर फिल्टर कुठून तरी गळतोय. महागडा फिल्टर आणि ढिली कड म्हणजे तिजोरीला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखं आहे.

ट्रॅक्टरचा ऑइल बाथ: दोन मिनिटांत

भात लावणीच्या आधी प्रत्येकाने हे करावं. वाटी काढा, जुनं तेल ओता, तळाला बसलेला गाळ खरवडा. वाटी आणि जाळी डिझेलने धुवा, पूर्ण निथळू द्या. इथे डिझेल चालतं, कारण जाळी तारेची आहे. कापडी फिल्टरला ते चालत नाही, हा फरक लक्षात ठेवा. मग पुस्तकात सांगितलेलं इंजिन ऑइल वाटीवरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर कधीच नाही. जादा तेल इंजिन ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन ते तेल इंधनासारखं जाळत बेफाम पळायला लागलं तर चावी बंद करूनही थांबत नाही. जीवावर बेतेल असा प्रकार आहे हा.

आता हिशोब: तुमच्या गाडीला परवडतं का?

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे दुकानात विचारून यात भरा.

समजा कागदी फिल्टर ४०० रुपयांना मिळतो आणि आपल्या धुळीत तुम्ही तो दर १०,००० किलोमीटरला बदलता. कापडी फिल्टर ५,००० रुपयांना, आणि क्लीनर-तेलाचं किट १,८०० रुपयांना. एकूण ६,८०० रुपये. भागिले ४०० केलं तर १७ कागदी फिल्टर. म्हणजे १,७०,००० किलोमीटर चालल्यावर तुमचे पैसे फिटतात. किटमध्ये फक्त सहा धुण्या होत असतील तर मधे आणखी किट लागेल, म्हणजे फिटायला त्याहून उशीर.

घरची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालत असेल तर १७ वर्षं! तोवर गाडीच राहणार नाही. म्हणून घरगुती गाडीवाल्याला माझं सरळ सांगणं: चांगला कागदी फिल्टर घ्या, वेळेवर बदला आणि निवांत राहा. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर दूध, भाजी किंवा प्रवासी वाहणारी गाडी असेल, कागदी फिल्टर महाग असेल आणि धुण्याचं काम तुम्ही स्वतः शिस्तीने करणार असाल, तरच विचार करा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

"पण सर, ॲव्हरेज वाढतं ना?" हा प्रश्न येणारच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याची चाचणी केली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये फिल्टर तुंबला तरी ॲव्हरेजवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, कारण कॉम्प्युटर हवा कमी झाली की इंधनही कमी करतो. फरक पडतो तो गाडीच्या ओढीला, पिकअपला. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मात्र ॲव्हरेजवरही परिणाम होतो. म्हणून "माझ्याकडे फिल्टर धुवा, ॲव्हरेज वाढेल" असा बोर्ड लावू नका. गिऱ्हाईक पुढच्या टाकीला मोजतं आणि तुमचा शब्द तिथेच खोटा पडतो. "इंजिनाचं आयुष्य वाढतं" हे खरं आहे, तेवढंच सांगा.

आणि धंदा?

आता दुसरा प्रश्न. समजा तुम्ही चेलाडी फाट्याजवळ किंवा भोरमध्ये फिल्टर धुवून द्यायचं काम सुरू केलं.

किट १,८०० रुपयांचं, त्यात सहा फिल्टर होतात असं धरा. म्हणजे फिल्टरमागे ३०० रुपये नुसतं सामान. तुमचे हात चाळीस मिनिटं गुंतणार, त्याचे १०० रुपये. पाणी, फडकी, जागा आणि कधी चूक झाली तर भरपाई यासाठी आणखी १०० रुपये बाजूला ठेवा. खर्चच ५०० वर गेला. नफा धरून ६०० रुपये सांगितले, तर गिऱ्हाईक म्हणणार, "अहो, नवा कागदी ४०० ला येतो की!" बरोबरच आहे त्याचं. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तोच, ज्याने आधीच पाच हजारांचा फिल्टर टाकलाय.

असा माणूस इथे किती भेटणार? राजगड, तोरणा बघायला शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या येतात, त्यात हौसेने असा फिल्टर टाकलेली एखादी जीप किंवा बुलेट असते. पण त्याला संध्याकाळी घरी जायचंय आणि फिल्टर वाळायला रात्र हवी. फिल्टरशिवाय गाडी चालवायला तर मुळीच द्यायची नाही. बघा, वाळण्याचा प्रश्न आला की नाही समोर?

म्हणून नुसत्या धुण्यावर दुकान टाकू नका. जो आधीच वॉशिंग सेंटर, पंक्चर किंवा ऑइल बदलण्याचं काम करतो, त्याने हे जोडकाम म्हणून असं उभारावं:

एक, तपासणी फुकट. गाडी धुवायला आली की मालकाच्या देखत एअर फिल्टरचा डबा उघडा आणि फिल्टर त्याला दाखवा. ठीक असेल तर "अजून चालेल, बदलू नका" असं सांगा. हे एक वाक्य तुम्हाला पाच गिऱ्हाइकं आणून देईल.

दोन, कमाई बदलण्यातून. आपल्या भागात जास्त चालणाऱ्या पाच-सहा गाड्यांचे कागदी फिल्टर ठेवा. सगळ्या गाड्यांचे भरून ठेवाल तर भांडवल फळीवर अडकेल. आधी महिनाभर वहीत नोंद करा, कुठली गाडी किती वेळा आली, मग माल भरा.

तीन, ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर. मे महिन्यात, लावणीच्या आधी, गावात जाऊन ऑइल बाथ साफ करून द्या. एका वाडीत एका दिवशी पाच-सहा ट्रॅक्टर मिळाले तर जाण्या-येण्याचा खर्च निघतो. खास क्लीनर लागत नाही, सामान स्वस्त, आणि शेतकऱ्याला तेव्हाच गरज असते. इंद्रायणी-आंबेमोहराच्या पट्ट्यात माझ्या मते हेच सगळ्यात खात्रीचं काम.

चार, कापडी फिल्टर मुक्कामाने. संध्याकाळी घ्यायचा, दुसऱ्या दिवशी द्यायचा. गिऱ्हाइकाला सांगून ठेवा की मूळ कागदी फिल्टर फेकू नका, धुण्याच्या दिवशी तोच बसवू. पावसाळ्यात दोन दिवसांची मुदत सांगा आणि ती पाळा.

पाच, लेखी पावती. फिल्टर आला तेव्हा कसा होता याचा फोटो काढा. भोक, तडा असेल तर आधीच दाखवा. काम झाल्यावर पावतीवर तारीख, किलोमीटर आणि पुढे कधी बघायचं ते लिहा. वाद झाला तर हाच कागद तुम्हाला वाचवतो, आणि पुढच्या तारखेला फोन करायचं निमित्तही देतो.

सहा, सांडपाणी. फिल्टरचं तेलकट पाणी आणि ट्रॅक्टरचं काळं तेल ओढ्यात सोडू नका. आपला ओढा गुंजवणीला, नीरेला मिळतो, आणि तेच पाणी खालच्या गावाच्या विहिरीत आणि शेतात जातं. जुनं तेल डब्यात साठवा आणि परवानगी असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्याचं काम

धंद्याचा विचार नंतर. आधी स्वतःच्या गाडीचा डबा उघडा. फिल्टर कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा, पुढच्या पाइपमधून पांढरं फडकं फिरवा आणि काय निघालं ते बघा. मग शेजारच्या तीन गाड्या अशाच फुकट तपासा: एक घरगुती, एक माल वाहणारी, एक ट्रॅक्टर. वहीत चार रकाने करा: गाडी, फिल्टरचा प्रकार, अवस्था, आणि मालकाने शेवटचा कधी बदलला होता. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "आठवत नाही" असंच येईल.

ते "आठवत नाही" म्हणजेच तुमचा धंदा. लोकांना फिल्टर धुवून हवा असतो असं नाही. त्यांना आपल्या गाडीची आठवण ठेवणारा एक भरवशाचा माणूस हवा असतो. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण भोर असो की राजगड, वाडीतली गाडी बंद पडली की लोक आधी ज्याला फोन करतात तो माणूस तुम्ही व्हा.

वही भरा, आकडे मांडा, मगच पैसे गुंतवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!